पानात झाड असतं तरी कुठे?

आमच्या शेजारची मुलगी परवा एक कुंडी घेऊन पडवीत आली. मुठीएवढी कुंडी, आणि तिच्यात उभं रोवलेलं एकच जाड, हिरवंगार, पत्त्यांतल्या बदामासारखं पान. आठवीत असताना मैत्रिणीने वाढदिवसाला दिलेलं, पणजीतल्या एका दुकानातून आणलेलं. ती आता दहावीत आहे. या दोन वर्षांत त्या पानाला ना कोंब फुटला, ना दुसरं पान आलं. पण ते सुकलंही नाही. "काकी, हे पान खरं आहे ना?" तिने विचारलं. मी कुंडीतली माती बोटांनी अलगद सरकवून पाहिली, तर खाली पांढऱ्या मुळांचा चांगला झुबका होता. पान खरं होतं, जिवंत होतं, मातीत घट्ट बसलं होतं. फक्त त्याचं झाड होत नव्हतं.

तिथून चार पावलांवर, अंगणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर, पावसाने पाडलेलं पानफुटीचं एक पान पडलं होतं. त्याला माती नव्हती, कुंडी नव्हती, कोणी लावलंही नव्हतं. तरी त्याच्या कडेच्या खाचांतून पाच इवली रोपं उभी राहिली होती. प्रत्येकाला दोन-दोन पानं आणि खाली केसासारखी मुळं.

मुलगी एकदा कुंडीकडे आणि एकदा गडग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग पानात झाड असतं तरी कुठे?" प्रश्न इतका नेमका होता की तिला पडवीतच बसवून घेतलं. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. मांसल पानांची झाडं, म्हणजे आपण ज्यांना सक्युलंट म्हणतो ती, पानापासून वाढवायच्या कृती पुष्कळ मिळतात. पण आत काय चालतं ते एकदा कळलं की कृती पाठ करावी लागत नाही, आणि गोव्याच्या दमट हवेत हात कुठे आखडता घ्यायचा तेही आपलं आपल्याला समजतं.

झाड आपल्यासारखं सगळ्या अंगाने वाढत नाही. त्याच्या वाढीच्या जागा ठरलेल्या असतात: फांदीचा शेंडा, मुळाचं टोक, आणि पान खोडाला जिथे चिकटतं ती बगल. या जागी ज्या पेशी असतात त्यांना शाळेच्या पुस्तकात विभाजी ऊतक म्हणतात. त्या पेशींनी अजून कुठलंच काम पत्करलेलं नसतं. त्यांतून पान होईल, फूल होईल किंवा अख्खी फांदी होईल. पानाचं मात्र तसं नाही. पान ठरलेल्या मापापर्यंत वाढतं आणि थांबतं. आंब्याचं पान कितीही दिवस झाडावर राहिलं तरी त्या पानातून फांदी निघत नाही. जास्वंद छाटली की नवे धुमारे येतात ते पानातून येत नाहीत, पानाच्या बगलेतल्या कळीतून येतात, आणि ती कळी खोडाची असते.

मुलीच्या कुंडीतलं बदामी पान होया नावाच्या वेलाचं. हा वेल मूळचा आग्नेय आशियातला. विक्रीसाठी पान तोडताना बहुतेक वेळा नुसता देठ घेतात आणि बगलेतली कळी वेलावरच राहते. देठाला मुळं फुटतात, पान पाणी ओढतं, उन्हात अन्न तयार करतं, आणि वर्षानुवर्षं तसंच उभं राहतं. मी अशा पानाला मुकं पान म्हणते.

मुळं फुटली तर कोंब का फुटू नये? इथे दोन संप्रेरकांची, म्हणजे झाडाच्या अंगात वाढीचे निरोप नेणाऱ्या द्रव्यांची, ओळख करून घ्यावी लागते. ऑक्सिन हे संप्रेरक कोवळ्या पानांत आणि शेंड्यांत तयार होतं आणि झाडात वरून खाली वाहतं. पान तोडलं की खाली जायचा रस्ता बंद होतो आणि ते देठाच्या तुटलेल्या टोकाशी साचत जातं. दुसरं सायटोकायनिन. त्याचा मोठा साठा मुळांकडून वर येतो. फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर या दोघांनी १९५७ साली तंबाखूच्या खोडातल्या पेशींवर प्रयोग करून दाखवलं की ऑक्सिनचं पारडं जड झालं तर पेशी मुळं काढतात, सायटोकायनिनचं जड झालं तर कोंब काढतात, आणि दोन्ही बरोबरीत राहिली तर नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. तुटलेल्या देठाशी ऑक्सिन साचलेलंच असतं, म्हणून मुळं बहुधा आधी आणि सहज येतात. कोंब यायचा तर तिथल्या पेशींना आपलं ठरलेलं काम सोडून पुन्हा अगदी कोवळ्या अवस्थेत जावं लागतं. पुष्कळ झाडांच्या पानांना ते जमत नाही. होयाच्याही नाही.

आता गडग्यावरची पानफुटी. शाळेच्या पुस्तकात शाकीय प्रजननाचं उदाहरण म्हणून हीच भेटते, आणि आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी तिचं पान वहीत दाबून ठेवून त्याला फुटलेले अंकुर पाहिले आहेत. फोंड्याच्या बाजूला जुन्या घरांच्या गडग्यांवर, विहिरीच्या कठड्यांवर, देवळांच्या मागच्या बाजूला ती इतकी दिसते की ती इथलीच वाटते. ती मूळची मादागास्करची.

पानफुटीच्या पानाची कड बारीक नजरेने पाहा. ती दातेरी असते आणि प्रत्येक दोन दात्यांमध्ये एक खाच असते. पान कोवळं असतानाच त्या प्रत्येक खाचेत पेशींची एक बारीकशी चिमूट बाजूला राहते. बाकीच्या पेशी मोठ्या होऊन पानाच्या कामाला लागतात, ही चिमूट मात्र कोवळीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात दोन चिमुकल्या पानांची सुरुवातही दिसते. म्हणजे या पानात झाड खरोखरच आधीपासून असतं, प्रत्येक खाचेत एक, निजलेलं. पुस्तकात त्याला मुकुल म्हणतात.

मग पान झाडावर असताना ते जागं का होत नाही? जाक लोब नावाच्या शास्त्रज्ञाला या एका प्रश्नाने वर्षानुवर्षं धरून ठेवलं होतं. जर्मनीत जन्मलेला हा माणूस अमेरिकेत काम करायचा, आणि पानफुटीवरच्या प्रयोगांवर त्याने १९२४ मध्ये पुस्तक काढलं. त्याने अगदी साध्या गोष्टी केल्या. नुसतं पान दमट हवेत टांगलं तर खाचा फुटल्या. त्याच पानाला खोडाचा तुकडा ठेवून टांगलं, तर खाचा बहुधा गप्प राहिल्या आणि खोडावरच्या कळ्या वाढल्या. पान ज्या खोडाला जोडलेलं असतं ते खोड पानातलं सत्त्व आपल्याकडे ओढून घेतं आणि खाचांना उपाशी ठेवतं, असा त्याने अर्थ लावला. आज आपण त्यात संप्रेरकांच्या ये-जा करण्याचीही भर घालतो. पण मूळ निरीक्षण अजून उभं आहे: पान झाडापासून सुटतं, तेव्हा खाचेतलं रोप मोकळं होतं.

लोबची दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. पानफुटीची पानं खोडावर समोरासमोर जोडीने येतात. अशी एका पेऱ्यावरची दोन पानं म्हणजे जुळ्या बहिणीच. लोबने एक पान पूर्ण ठेवलं, दुसरं कापून लहान केलं, आणि काही आठवड्यांनी दोन्हींवर आलेली रोपं तोलली. पानाचं वजन जितकं, त्या प्रमाणात रोपांचं वजन. खाचा कितीही असोत, शिदोरी पानातली आणि तीही मोजकी. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढे इचेव्हेरिया या सक्युलंटच्या पानाला पाणी घालायला हात पुढे होईल तेव्हा ती कामाला येते.

पानफुटीची एक बहीण आहे, कलांचो डायग्रेमोंशियाना. इंग्रजीतल्या तिच्या बोलीतल्या नावाचा अर्थ हजारांची आई असा होतो. तिला पान तोडण्याचीही गरज पडत नाही. झाडावर असतानाच पानाच्या कडेने रोपांची झालर लागते, प्रत्येकाला स्वतःची मुळं येतात आणि धक्का लागला की ती टपटप खाली पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नीलिमा सिन्हा यांच्या गटाने २००७ मध्ये या झाडावर एक सुंदर शोध प्रसिद्ध केला. एरवी शेंड्यावर कोंब घडवणारं एक जनुक या कुळातल्या पानांच्या कडेला काम करताना सापडलं. त्याचं काम दाबलं की रोपं येणं थांबलं. इतकंच असतं तर पानाने फांदीची युक्ती उसनी घेतली असं म्हणून आपण थांबलो असतो. पण डायग्रेमोंशियानाच्या पानात एरवी फक्त बीमध्ये गर्भ घडवताना लागणारं जनुकही जागं होतं. म्हणजे ते पान आपल्या कडेवर एक प्रकारे बीच घडवतं, फुलाशिवाय, परागाशिवाय. आणि याची किंमत त्या झाडाने मोजली आहे: त्या जनुकाचं रूप बदललेलं आहे, आणि या झाडाचं खरं बी रुजत नाही. रुजणारं बी गेलं आणि त्याची विद्या पानाच्या कडेला उतरली. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी उठून कुंडीजवळ गेले आणि ती झालर नव्याने पाहिली.

जर्मन कवी ग्योथे पानफुटीच्या नादी लागला होता. तो तिची रोपं घरात वाढवायचा आणि स्नेह्यांना पाठवायचा. जर्मनीत आजही तिला ग्योथेचं झाड म्हणतात. पान म्हणजेच झाडाचं मूळ रूप, असं मानणाऱ्या माणसाला ही वनस्पती भुरळ घालणारच.

आता बाजारात मिळणाऱ्या सक्युलंटकडे येऊ. इचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटालम, लोंबणारं सेडम, जेड, गॅस्टेरिया यांच्या पानांना कडेला खाचा नाहीत आणि निजलेली रोपंही नाहीत. तरी यांची पानं झाड देतात. इथे दुसरीच वाट आहे. नवं रोप पानाच्या अगदी तळाशी येतं, जिथे पान खोडाला चिकटलेलं असतं. तिथल्या, शिरांच्या आसपासच्या काही पेशी पान तुटल्यावर आपलं काम सोडतात आणि पुन्हा विभागायला लागतात. होयाच्या देठाला जे जमलं नाही ते या पानांच्या तळाला जमतं. म्हणून पान कसं निघालं याला इतकं महत्त्व आहे. चिमटीत धरून डावी-उजवीकडे हळू हलवत ते तळासकट, गुळगुळीत टोकासह सुटलं पाहिजे. मध्येच तुटलं, तळ खोडावर राहिला, तर इचेव्हेरियाचं ते पान बहुतेक वेळा मुकं राहतं किंवा कुजतं. कात्रीने कापायचा मोह इथे नकोच.

पान सुटल्यावर पहिली गोष्ट घडते ती जखमेची. तिथल्या पेशी सुकून वर एक कोरडा पापुद्रा धरतात, बुचासारखा. त्यातून पाणी बाहेर जात नाही आणि बुरशी आत शिरत नाही. कोरड्या हवेत याला तीन-चार दिवस पुरतात. मग बराच काळ काहीच दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी तळाशी गुलाबीसर दोऱ्यासारखी मुळं येतात. कधी आधी मुळं, कधी आधी तांदळाच्या दाण्याएवढा कोंब. इचेव्हेरियात मी दोन्ही क्रम पाहिले आहेत. कोंब वाढून इवलं गुलाबाच्या फुलासारखं रोप होतं, आणि त्याच वेळी जुनं पान सुरकुतू लागतं. पहिल्यांदा हे पाहणारी माणसं घाबरतात आणि पाणी ओततात. ते पान पोराला दूध पाजतं आहे, त्याला तसं आटू द्यायचं. तीन-चार महिन्यांनी ते कागदासारखं पातळ होऊन आपोआप सुटतं. आधी ओढून काढू नये.

एवढे दिवस एक तुटलेलं पान जगतं कसं? जास्वंदीचं पान तोडून ठेवा, संध्याकाळपर्यंत मान टाकेल. सक्युलंटचं पान महिनोन् महिने फळीवर पडून राहिलं तरी टिकतं. आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंत भरतात. सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, तांदूळ, सगळी पावसाळ्याची बेगमी घरात आलेली असली की बाहेर कितीही कोसळो. सक्युलंटचं प्रत्येक पान असं पुरुमेंत भरलेलं घर असतं. त्याच्या वजनाचा नऊ-दशांशाहून अधिक भाग पाणीच असतं, आणि ते पाणी तो जीव फार जपून वापरतो.

जपतो कसा, याचा पहिला धागा आपल्याच देशात सापडला, तोही पानफुटीतच. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रासकडे काम करणाऱ्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाला पान चावून पाहताना जाणवलं की ते सकाळी चुक्यासारखं आंबट लागतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळी किंचित कडसर. त्याने ते एका पत्रात कळवलं आणि लंडनच्या लिनियन सोसायटीने ते १८१५ मध्ये छापलं. आंबटपणाचं कारण पुढे उलगडलं. झाडं पानावरच्या सूक्ष्म रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड घेतात, पण रंध्रं उघडली की आतलं पाणीही वाफ होऊन जातं. भर उन्हात तर फारच. म्हणून पानफुटीसारखी झाडं रंध्रं रात्री उघडतात. घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवतात, म्हणून सकाळी आंबट. दिवसा रंध्रं मिटून त्या आम्लातून वायू सोडवतात आणि उन्हाच्या जोरावर साखर करतात. दुपारपर्यंत आम्ल संपतं. पानफुटीच्या क्रॅसुलेसी या कुळावरून या पद्धतीचं इंग्रजी नाव पडलं, क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम. थोडक्यात तिला कॅम म्हणतात.

आणि पाणी अगदीच तुटलं तर यांतली पुष्कळ झाडं रात्रीही रंध्रं मिटून घेतात. श्वासातून आत तयार झालेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा वापरतात. वाढ होत नाही, पण पाणीही जात नाही. फळीवर पडलेलं पान असंच तग धरतं आणि तेवढ्या अवधीत तळाच्या पेशींना नवं झाड घडवायला उसंत मिळते. माझ्या मते सक्युलंटचं खरं गुपित हे आहे. पानाच्या पेशींना पुन्हा कोवळं होता येणं ही शक्ती बेगोनियासारख्या मऊ झाडांतही आहे. पण बेगोनियाच्या पानाला सतत ओलावा द्यावा लागतो. मांसल पानाला वेळ मिळतो, कारण तो त्याने आधीच साठवलेला असतो. (चव घेऊन पाहायची इच्छा होईल, पण पानफुटी चावत बसू नका. तिच्या कुळात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात; ऑस्ट्रेलियात तिच्या भावंडांनी गुरं दगावली आहेत. मूतखड्यावर ती देण्याची जुनी रीत आहे, तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.)

हे सगळं समजण्याआधी मी एक चूक केली होती. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि रोपं लावायची हीच वेळ असं आपल्या हाडांत मुरलेलं असतं. कुळागरात सुपारीची रोपं लागत होती, म्हणून मीही परातीत कोकोपीट भरलं, सुमारे तीस पानं टोचली, पडवीच्या कडेला ठेवली आणि रोज सकाळी शिंपडली. दहा दिवसांत एकेक पान काचेसारखं पारदर्शक होत गेलं आणि बोट लावलं की त्याचा लगदा व्हायचा. एकही वाचलं नाही. मला वाटलं, पाणी कमी पडलं.

आज कारण स्पष्ट दिसतं. ही झाडं कोरड्या मुलखातली. इचेव्हेरियाचं घर मेक्सिकोत, जेडचं दक्षिण आफ्रिकेत. त्यांची सगळी रचना पाणी न मिळण्यासाठी आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि त्या दिवसांत हवाच ओल्या फडक्यासारखी असते. जखम सुकत नाही, पापुद्रा धरत नाही आणि बुरशीला उघडं दार मिळतं. त्यात मी ते टोक ओल्या कोकोपीटमध्ये रोवलं होतं. नारळाच्या सोडणांचा तो भुसा पाणी धरून ठेवण्यासाठीच वापरतात. मिरचीच्या रोपाला उत्तम, या पानांना घातक.

आता मी दसरा उलटल्याशिवाय पानाला हात लावत नाही. हवेतला दमटपणा उतरला की निरोगी, भरलेली, खालच्या बाजूची पानं काढते. चार दिवस सुपात, सावलीत, एकमेकांना न लागता पसरते. मग उथळ कुंडीत चिऱ्याचा चाळलेला चुरा, फुटक्या कौलाचे बारीक खडे आणि थोडं जुनं शेणखत, त्यात खडे निम्म्याहून जास्त. वाळू घ्यायचीच तर नदीची. समुद्राची वाळू मिठामुळे चालत नाही. पानं नुसती वर ठेवायची, रोवायची नाहीत. मुळं दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मुळं आली की त्यांच्यावर चिमूटभर चुरा सारायचा आणि आठवड्यातून एकदा तेवढ्याच जागी ओल द्यायची. सकाळचं कोवळं ऊन चांगलं, दुपारचं ऊन पानाला भाजतं. पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण कोंबाच्या बुडाशी दडतो आणि मुंग्या त्याला वागवतात, तेव्हा मुंग्यांची रांग दिसली की आधी तिथे पाहायचं. दसऱ्याला ठेवलेली पानं होळीपर्यंत रुपयाएवढी रोपं होतात. मग पुढच्या पावसाळ्यात ती वळचणीच्या आत, वाऱ्याला, पण पावसाच्या माऱ्यापासून दूर ठेवली की निभावतात.

कोणती पानं मुकी, हे माहीत असलं की पुष्कळ धडपड वाचते. कोरफडीचं पान लावून झाड येत नाही. तिला बुडाशी पिलं येतात, ती वेगळी करावीत. फड्या निवडुंगाचं पान लावलं की येतं असं म्हणतात, पण तो हिरवा फडा हे पानच नव्हे. ते चपटं झालेलं खोड. निवडुंगाच्या पानांचेच काटे झालेले असतात, आणि काट्यांच्या प्रत्येक झुपक्यापाशी खोडाची कळी बसलेली असते. म्हणूनच तो इतक्या सहज फुटतो. झीझी या शोभेच्या झाडाची एकेक पर्णिका, म्हणजे पानातलं छोटं पान, लावता येते, पण ती आधी मातीत बटाट्यासारखा गड्डा करते आणि मग कधीतरी, महिन्यांनंतर, कोंब वर काढते. तिथे धीरच लागतो.

स्नेक प्लांटकडे मात्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण ते दोन गोष्टी डोळ्यांसमोर दाखवतं. त्याच्या लांब पानाचे चार-चार बोटांचे तुकडे करून लावले तर प्रत्येक तुकडा रुजतो. पण तुकडा उलटा, शेंड्याची बाजू खाली करून लावला तर रुजत नाही. ऑक्सिनला दिशा असते. ते पेशीतून पेशीत पानाच्या तळाकडेच जातं. आपण तुकडा उलटा धरला म्हणून ते वळत नाही. यासाठी कापताना खालची बाजू तिरकी कापावी म्हणजे घोटाळा होत नाही. दुसरी गोष्ट पिवळ्या काठाच्या जातीची. त्या पानाचा तुकडा लावला तर येणारं रोप निव्वळ हिरवं येतं आणि लोकांना वाटतं नर्सरीवाल्याने फसवलं. पिवळा काठ म्हणजे रंगवलेली किनार नव्हे. त्या पानात दोन वेगळ्या वंशांच्या पेशी शेजारी राहतात, हरितद्रव्य असलेल्या आणि नसलेल्या. नवा कोंब उगवतो तो आतल्या हिरव्या पेशींतून, मग काठ येणार कुठून? काठ हवा असेल तर बुडाशी येणारं पिलू वेगळं करून लावावं, कारण त्यात दोन्ही वंश आपापल्या जागी आलेले असतात.

अशा दोन वंशांच्या पानांचा अपवाद सोडला, तर पानातून आलेलं प्रत्येक रोप हे आईची हुबेहूब नक्कल असतं. आवडता रंग, आवडता आकार जसाच्या तसा मिळतो. पण एका पानातून वाढवलेल्या शंभर कुंड्यांना एकच दुखणं एकाच वेळी गाठू शकतं, हेही त्याच नाण्याची दुसरी बाजू. आणि डायग्रेमोंशियाना पाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तिची गळालेली रोपं गोळा करून सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, किंवा ओढ्याकडेला टाकू नका. पानफुटी हवाई आणि गालापागोस बेटांवर अशीच पसरून तिथल्या झाडोऱ्याच्या मुळावर उठली आहे. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात जे इवलं फुलांचं जग उगवतं, त्याला बोटभर मातीच मिळते. तीही बाहेरून आलेल्या झाडाने व्यापली तर त्याला जागा उरणार नाही.

मुलीने हे सगळं ऐकलं आणि बदामी पानाचं काय करायचं ते विचारलं. मी खरं ते सांगितलं: ते अजून कितीतरी वर्षं हिरवं राहील, पण वेल हवा असेल तर खोडाचा तुकडा असलेली कुंडी शोधावी लागेल. ती म्हणाली, असू दे, खिडकीत राहू दे. मग तिने गडग्यावरच्या पानफुटीच्या एका पेऱ्यावरून समोरासमोरची दोन पानं काढली. तिच्या बाबांचं सोनाराचं दुकान आहे, तिथल्या काट्यावर दोन्ही तोलून घेतली, आणि एक पान मधोमध आडवं कापून अर्धं ठेवलं, तेही तोललं. श्रावण चालू आहे, इचेव्हेरियाला वाईट पण पानफुटीच्या खाचांना हवी तशी दमट हवा आहे. चवथीला गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधतात तशी तिने दोन्ही पानं सुतळीने स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली आहेत. काल पूर्ण पानाच्या तीन खाचांत हिरवे ठिपके दिसले, अर्ध्या पानाच्या दोन. वहीत तारखा मांडल्या आहेत. चवथ आटोपली की रोपं खुडून पुन्हा त्याच काट्यावर ठेवायची, असं ठरलं आहे.